अचानक ‘वेड’ लागलं, की मेंदूला सूज आली?

आज जरा गंभीर विषय, पण शेवटपर्यंत ऐका.

समजा, हर्णे बंदरावर मासळीच्या लिलावाला जाणारी विशीतली मुलगी आहे. चार दिवस कणकण, डोकेदुखी. मग झोपच उडते. ‘मला कुणीतरी मारणारे’ म्हणते, नसलेले आवाज ऐकते. घरात कुजबुज सुरू: बाहेरचं काहीतरी लागलंय, देवाला कौल लावूया. कुणी म्हणतं, मानसोपचार डॉक्टरकडे न्या. हे बरोबरच. पण तिथे अजून एक प्रश्न विचारायला हवा: ही मेंदूची सूज तर नाही ना?

या आजाराचं नाव ऑटोइम्यून एन्सेफलायटिस. आपलं रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच आपल्या मेंदूवर उलटते. यातला सर्वांत माहितीचा प्रकार, अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, डॉ. जोसेप दालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मांडला. तरुण मुलींमध्ये तो जास्त दिसतो, कधी अंडाशयातल्या गाठीमुळे होतो. पण मुलगे आणि लहान मुलंही सुटत नाहीत.

मग ओळखायचं कसं? बदल काही दिवसांत किंवा आठवड्यांत झपाट्याने होतो. सोबत फिट येणं, तोंड किंवा हात विचित्र हलणं, बोलणं कमी होणं, अंग ताठरणं, शुद्ध हरपणं. मानसिक आजाराची औषधं दिल्यावर अंग फारच आखडलं, ताप चढला, तरी लगेच डॉक्टरांना सांगा.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून विषय संपत नाही. ईईजी आणि पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी लागते. उपचार आहेत: स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं, गाठ असेल तर ती काढणं. २०१३ साली ५७७ रुग्णांचा अभ्यास आला. दोन वर्षांनी पाहिलं, तर दहातले आठ जण चांगले सावरले होते. उपचार लवकर सुरू झाले, तर सावरण्याची शक्यता वाढते.

आता उलट बाजूही ऐका. बहुतेक मानसिक आजार या सुजेमुळे होत नाहीत. त्यामुळे चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.

तुमच्या हातात मोबाइल आहे ना? ताप कधी आला, झोप कधी गेली, तारखा लिहून ठेवा. विचित्र हालचालींचा व्हिडिओ काढा, पण तो फक्त डॉक्टरांना दाखवा, ग्रुपवर टाकू नका. फिट आली किंवा शुद्ध गेली, तर थेट १०८. मानसिक त्रासासाठी टेलिमानस, १४४१६.

‘वेडी झाली’ म्हणायच्या आधी ‘आजारी आहे’ म्हणा. तिथूनच उपचार सुरू होतात.