वकिलीची प्रवेशपरीक्षा आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले की, यंदा वर्धापनदिनाला तुम्हीच काही बोला. मुलीला वकिलीच्या कॉलेजात घालताना जे पाहिले, जे करावे लागले, ते सांगा. पुष्कळ घरांत बारावीच्या मुली आहेत, त्यांच्या आयांना उपयोग होईल. माझे शिक्षण सातवीपर्यंत. कायद्यावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु अर्ज भरणे, दाखले जमविणे, निकालाची वाट पाहणे आणि एकदा न जमल्यावर पुन्हा परीक्षेला बसविणे, एवढे सगळे मी दोन वर्षे जवळून पाहिले आहे. तेवढ्याच भांडवलावर बोलते.

आधी एक जुनी हकिकत सांगते. कॉर्नेलिया सोराबजी या बाईंचा जन्म १८६६ सालचा, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या आणि परीक्षेत पहिल्या आल्या. पहिल्या येणाऱ्यास विलायतेला जाण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. पण ती बाईमाणसाला कशी द्यावी, म्हणून नाकारली गेली. पुढे काही भल्या माणसांनी पैसा उभा केला आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसल्या. एका बाईला बसू द्यावयाचे म्हणून विद्यापीठाला खास परवानगी काढावी लागली. परीक्षा उतरल्या, पण पदवी हाती आली नाही, कारण त्या काळी ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नसे. परत आल्यावर त्यांनी १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. दिली. १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा दिली. तीन परीक्षा झाल्या, तरी सनद नाही ती नाहीच! अखेर १९२३ साली बायकांना वकिली करू देणारा कायदा झाला आणि दुसऱ्या वर्षी बाईंनी कलकत्त्यास वकिली सुरू केली. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. त्याच १९२३ साली मिठन टाटा, म्हणजे पुढच्या मिठन लाम, विलायतेत बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई हायकोर्टात वकिली करणाऱ्या पहिल्या बाई ठरल्या. पुढे १९७८ साली सुजाता मनोहर त्याच हायकोर्टाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, त्या बाईंपुढे दारच बंद होते. आज आपल्या मुलींना दार उघडे आहे. आत जाण्यापूर्वी एक परीक्षा द्यावयाची आहे, एवढेच. आणि ती एकदा नाही जमली तर पुन्हा देता येते.

आपल्या गावाचेच पाहा. मार्च २०२५ मध्ये मीरा-भाईंदरला स्वतःचे न्यायालय सुरू झाले. त्यापूर्वी तारखेसाठी ठाणे गाठावे लागे आणि घोडबंदर रस्त्यावर अर्धा दिवस जाई. सोसायटीचा तंटा असो, नवऱ्याने टाकलेल्या बाईची पोटगी असो, माहेरच्या जमिनीतला वाटा असो, बाईला आपले मन बाईजवळच नीट उघडे करता येते. तेव्हा गावात कोर्ट आले आहे, तर त्यात आपल्या मुली काळा कोट घालून उभ्या का राहू नयेत?

आता प्रवेशाचे सांगते. रस्ते दोन आहेत. बारावी झाल्यावर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, नाहीतर कोणतीही पदवी घेतल्यावर तीन वर्षांचा. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, काहीही चालते. खुल्या वर्गाच्या मुलीस बारावीला किंवा पदवीला ४५ टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलीस ४०. पूर्वी मार्कांवरच प्रवेश मिळे. २०१६ सालापासून आपल्या राज्यात त्यासाठी सीईटी आली. ती राज्याचा सीईटी कक्ष घेतो. परीक्षा संगणकावर असते. अलीकडच्या पद्धतीप्रमाणे १२० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे प्रश्नास एक मिनिट. कायद्याची समज, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे विषय येतात. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात, ही आपल्या मराठी शाळेतल्या मुलींना मोठी सोय आहे. चुकीच्या उत्तराला गुण कापीत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे मुलींना बजावून सांगा.

दुसरी एक परीक्षा आहे, क्लॅट. ती सबंध देशाची, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. क्लॅट इंग्रजीतूनच असते आणि तेथे चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात. चार चुकली की एक बरोबर आलेले गेले! एका परीक्षेत ठोकून द्यावयाचे आणि दुसरीत हात आखडता घ्यावयाचा, हे ध्यानात ठेवावे. दोन्हींना बसण्यास हरकत नाही, पण दोन्हींची तयारी एकच समजू नये.

भगिनींनो, माझ्या पाहण्यात असे आले की, मुली परीक्षेत जितक्या अडखळत नाहीत तितक्या कागदांत अडखळतात. म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, अर्ज दोन असतात. साधारण थंडीच्या दिवसांत परीक्षेचा अर्ज निघतो आणि उन्हाळ्यात परीक्षा होते. निकाल लागला म्हणजे काम झाले असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. त्यानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ज्याला मुले कॅप म्हणतात, निराळा अर्ज भरावा लागतो, दाखले चढवावे लागतात आणि कॉलेजांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. आमच्या ओळखीतील एका मुलीला गुण चांगले होते. पण हा दुसरा अर्ज राहून गेला आणि सबंध वर्ष गेले. पावसाळ्याचे ते दोन-तीन महिने घरातल्या कोणीतरी रोज सीईटी कक्षाचे संकेतस्थळ पाहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट, दाखले. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, राखीव जागा असेल तर जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर किंवा आर्थिक दुर्बल गटाचा दाखला. यातली पडताळणी महिनोन्‌महिने घेते. ती अकरावीतच सुरू करावी. नॉन-क्रिमीलेयरची मुदत मार्चअखेर संपते, तेव्हा त्याची तारीख वाचून घ्यावी. आणि सर्व कागदांवर नाव एकच आहे ना, ते पाहावे. एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांचे नाव अर्धे, असे झाले की खिडकीपाशी उभे राहून जीव मेटाकुटीस येतो. लग्न झालेल्या मुलींनी तर विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावाच.

तिसरी गोष्ट पैशाची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि एसईबीसी या गटांतील ज्या मुलींच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ आहे. पण ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच आहे. म्हणजे घाबरून जाऊन व्यवस्थापनाच्या कोट्यातली जागा घेतली की सवलत गेली. फीच्या धास्तीने मुलीचे नाव मागे घेण्यापूर्वी एवढी चौकशी अवश्य करावी.

आता मुख्य मुद्द्यावर येते. पहिल्या खेपेस नाही जमले, तर पुढे काय?

सीईटीला किती वेळा बसावे यावर बंधन नाही. मात्र एका वर्षाचे गुण त्याच वर्षापुरते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा. नियम इतका सरळ आहे. वाकडे असते ते घरातले आणि शेजारचे बोलणे. मुलगा पुन्हा परीक्षेला बसला तर आपण म्हणतो, "तयारी करतो आहे." मुलगी बसली की म्हणतो, "घरी बसून आहे." शब्दाचा फरक, पण त्या एका शब्दावर मुलीचे शिक्षण तुटते. माझी मुलगी पहिल्या वर्षी राहिली तेव्हा नात्यातल्या एका बाई म्हणाल्या, "अगोबाई, मग आता स्थळे पाहायला लागा की!" त्यांना वाईट बोलावयाचे नव्हते, आपल्याकडे हे तोंडात बसलेलेच आहे.

मी त्यांना हिशेब मांडून दाखविला, तोच तुम्हांलाही दाखविते. बारावीनंतर सरळ लागली तर पाच वर्षे. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा दिली आणि लागली तर सहा. आणि थांबलीच नाही, तीन वर्षांची बी.ए. किंवा बी.कॉम. केली आणि मग तीन वर्षांचा कायदा केला, तरीही सहा. म्हणजे पहिल्या खेपेस न लागल्याची सारी किंमत एक वर्ष! चाळीस वर्षे जो धंदा करावयाचा, त्यात एका वर्षाचा केवढा बाऊ? मला तर वाटते की, बी.ए.ला नाव घालून ठेवावे आणि एकीकडे पुन्हा सीईटीला बसावे. जमले तर पाच वर्षांच्या वर्गाला जावे. नाही जमले तर पदवी चालूच आहे. मुलीलाही उजळ माथ्याने सांगता येते की, मी कॉलेजात आहे. माझ्या मुलीने असेच केले आणि दुसऱ्या खेपेस तिला जागा मिळाली.

पण पुन्हा बसावयाचे म्हणजे तीच पुस्तके त्याच तऱ्हेने वाचावयाची, असे नव्हे. पहिल्या वर्षी वेळ कोठे गेला, कोणत्या विषयात गुण गेले, हे कागदावर लिहून काढावे. रोज वर्तमानपत्र वाचावे. सामान्य ज्ञानाला त्यावाचून इलाज नाही. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून सबंध पेपर सोडवावा. आणि आपण आयांनी ते दोन तास तिला हाक मारू नये. दूध आले, कुकरची शिटी झाली, पाहुण्यांना चहा टाक, यासाठी उठविलेल्या मुलीचे १२० मिनिटांचे गणित कधी बसणार नाही. महागड्या क्लासच्या फीपेक्षा घरचे हे दोन तास मला अधिक मोलाचे वाटतात. आणि दोन-तीन खेपा होऊनही जमले नाही, तर हट्ट धरू नये. पदवीनंतरचा रस्ता आहेच, तो घ्यावा.

शिवाय ही काही शेवटची परीक्षा नव्हे. एलएल.बी. झाल्यावर बार कौन्सिलची अखिल भारतीय परीक्षा असते. ती २०११ सालापासून सुरू झाली. तीही पुन्हा देता येते. न्यायाधीश होण्याची परीक्षा तर पुष्कळजण अनेकदा देतात. आणि कायद्याचे तरी काय आहे? खालच्या कोर्टात निकाल विरुद्ध गेला तर वरच्या कोर्टात अपील असते. कायदा खुन्यालाही अपिलाची संधी देतो. मग आपल्या लेकीला एका परीक्षेचे अपील आपण का नाकारावे?

जाता जाता आपल्या सुनांविषयी आणि आपल्याविषयीही सांगते. सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही. पदवी घेऊन संसारात पडलेली सून तीन वर्षांच्या वर्गाला अर्ज करू शकते. ज्यांची शाळाच अर्धी राहिली, त्यांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला आणि मग बारावीला बसता येते. मात्र एक सावधगिरी हवी. दहावी-बारावी न करता मुक्त विद्यापीठातून थेट घेतलेली पदवी कायद्याच्या प्रवेशाला बार कौन्सिल मान्य करीत नाही. कोणी सोपा रस्ता सांगितला तर आधी हे विचारून घ्यावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेविते. दरवर्षी डिसेंबरात एका दुपारी आपण कागदांची बैठक घ्यावी. ज्यांच्या मुली अकरावी-बारावीला किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत त्यांनी सर्व दाखले घेऊन यावे. ज्यांच्या घरचे हे काम पार पडले आहे त्यांनी ते तपासून द्यावे. जुनी पुस्तके आणि सरावाचे पेपर मंडळाच्या कपाटात ठेवावे. खर्च चहापुरता, पण एखाद्या मुलीचे वर्ष वाचले तर त्याचे मोल कोण करील? पहिल्या बैठकीस माझ्या मुलीची पुस्तके मी घेऊन येईन. आणि परीक्षेत राहिलेली मुलगी जिन्यात भेटली, तर "मग आता काय?" असे न विचारता "पुढचा अर्ज कधी निघतो ग?" एवढेच विचारू या.