घरातली रात्रपाळी

(1984 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला बजावलं होतं, "तू डॉक्टर आहेस, आरोग्यावर पंधरा मिनिटं बोल. पण गोड खाऊ नका असं सांगू नकोस, जिलेबीची ऑर्डर दिलेली आहे." तेव्हा जिलेबीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. मी झोपेबद्दल बोलणार आहे. दुपारच्या तासाला शेवटच्या बाकावर या विषयाचा सखोल अभ्यास केलेली मंडळी समोर बसलेली आहेत, हे मला माहीत आहे.

हा विषय सुचला तो आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. मेळाव्याची तयारी गेले चार महिने चालू होती. सकाळी ग्रुप उघडला की रात्री दोन-अडीचचे मेसेज दिसायचे. अमेरिकेतल्या चौघांचं सोडा, त्यांची तेव्हा संध्याकाळ असते. पण बाकीचे? मी एकेकाला वेगळं विचारत गेलो, "अरे, त्या वेळी तू जागा कसा?" उत्तरं ऐका. आईला उठवून बाथरूमला न्यायचं होतं. वडील मध्यरात्री उठून 'मला घरी जायचंय' म्हणतात, आणि असतात घरातच. मुलाच्या नोकरीचं काही खरं नाही. आणि दोघांनी सांगितलं, "कारण काहीच नाही रे, आता सवयच झालीय."

या शेवटच्या उत्तराकडे मी नंतर येतो.

आपल्यातले जे सायन्सला गेले त्यांनी 'स्ट्रेस' हा शब्द पहिल्यांदा फिजिक्सच्या तासाला ऐकला असेल, तारेला वजनं टांगताना. शरीराच्या बाबतीत तो रूढ केला हॅन्स सेली या शास्त्रज्ञाने. मॉन्ट्रियलला उंदरांवर काम करताना त्याला दिसलं की थंडी असो, जखम असो की अतिश्रम, त्रास कुठलाही असला तरी शरीरात होणारे बदल बरेचसे सारखेच असतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, जठरात व्रण पडतात. 1936 साली त्याने हे छापलं. त्यातल्या एका रसायनाचं नाव तेवढं लक्षात ठेवा, कॉर्टिसॉल. हे काही वाईट रसायन नाही. सकाळी जाग येते त्या सुमाराला ते सर्वांत जास्त असतं, त्याच्याच जोरावर आपण दिवसाला लागतो. मध्यरात्रीच्या आसपास ते सर्वांत कमी असतं. शरीर या उतारावरून घसरत झोपेत जातं. काळजी रोजची झाली की संध्याकाळी हा उतार हवा तसा उतरत नाही. अंथरुणाला पाठ टेकते, पण शरीर अजून फाटकापाशी काठी घेऊन उभंच असतं.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. झोप तुटक झाली की ही सुट्टी रद्द होते. साखरेचंही तसंच. शिकागो विद्यापीठात 1999 साली अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. एवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची क्षमता घसरली आणि संध्याकाळचं कॉर्टिसॉल वाढलं. ती तरणीताठी पोरं होती, सहा रात्री होत्या, नंतर भरपूर झोपून ती पूर्ववत झाली. आपण छप्पन्न वर्षांचे आहोत आणि आपल्यातल्या काहींची ही सहावी रात्र नाही, सहावं वर्ष आहे.

मला जास्त बोलायचंय ते या मंडळींबद्दल. माझ्या दवाखान्यात एक बाई यायच्या. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाईंच्या हातावर तव्याने भाजल्याची छोटीशी जखम, महिना उलटला तरी भरेना. आम्ही डॉक्टर अशा वेळी आधी साखर बघतो. साखर उत्तम. मी विचारलं, "झोप किती होते?" त्या हसल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, झोप कसली, डुलकी म्हणा."

एका बाईंवरून कुणी सिद्धान्त मांडत नाही. पण अमेरिकेत ओहायोमधल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता. 1995 साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी शुश्रूषा करणाऱ्या तेरा स्त्रिया घेतल्या, आणि त्याच वयाच्या, तशाच आर्थिक स्थितीतल्या, पण अशी जबाबदारी नसलेल्या दुसऱ्या तेरा. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. दुसऱ्या गटाला सरासरी एकोणचाळीस दिवस लागले, शुश्रूषा करणाऱ्यांना अठ्ठेचाळीसच्या वर. जखम तेवढीच. फरक नऊ दिवसांचा.

अभ्यास लहान आहे हे मलाही कळतं. पण मला तो आवडतो, कारण तो मोजपट्टीने केलेला आहे. 'मला ताण आहे' असं आपल्या घरांत कुणी म्हणालं की उत्तर ठरलेलं असतं: मनाला लावून घेऊ नकोस. कातडीला कसं सांगणार लावून घेऊ नकोस म्हणून? आणि हे लावून न घ्यायला सांगणारे बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत घोरत असतात. (घोरण्यावरून आठवलं. मोठ्याने घोरणारा माणूस मध्येच श्वास थांबून दचकत असेल, दिवसा बसल्याजागी पेंगत असेल, तर त्याची तपासणी करून घ्या. ते गाढ झोपेचं लक्षण नव्हे.)

आता ते 'सवयच झालीय' म्हणणारे दोघं. त्यातल्या एकाची आई जाऊन दोन वर्षं झाली. तो अजूनही दोन वाजता उठतो. आर्थर स्पीलमन नावाच्या झोपतज्ज्ञाने याचा उलगडा फार चांगला केला आहे: झोप उडवणारं कारण वेगळं असतं आणि तिला परत येऊ न देणारं वेगळं. पहिलं कारण निघून जातं, पण तोवर आपण काही उपाय लावून घेतलेले असतात. झोप होत नाही म्हणून नऊलाच अंथरुणावर पडायचं, सकाळी उशिरापर्यंत लोळायचं, रात्री दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचं. मग अंथरूण ही झोपायची जागा उरत नाही, ती तळमळायची जागा होते.

याला औषध आहे आणि ते गोळी नाही. झोपेची गोळी थोड्या दिवसांसाठी ठीक, पण शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं घेणारे माझ्यासमोर रोज येतात. उठायची वेळ पक्की ठेवा, रात्र कशीही गेली असो. डोळे जड झाल्याशिवाय अंथरुणावर जाऊ नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा, मंद दिव्यात, मोबाइल न घेता, आणि पेंग आली की परत या. घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. पहिले आठ-पंधरा दिवस जड जातात, रुग्ण मला शिव्या घालतात. पण जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून याच प्रकारची वर्तनोपचार पद्धत वापरा, गोळी नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 साली सांगितलं आहे. आपल्या त्या मित्राने तीन आठवडे हे केलं आहे. आता तो साडेचारला उठतो. एकदम सगळं मागू नये.

पण ज्यांच्या घरात पलीकडच्या कॉटवर खरोखरच कुणी हाक मारतंय, त्यांना मी घड्याळ फिरवायला सांगणं हा विनोद होईल. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. त्यांना सल्ला नको, बदली हवी. कारखान्यात रात्रपाळीला बदली कामगार असतो, घरातल्या रात्रपाळीला कुणीच नसतो. आणि ही पाळी बहुतेक घरांत एका बाईच्याच नावावर लागलेली असते, हेही इथं बोलून ठेवतो.

आपण एकशे चार जण आहोत. त्यातले एकतीस याच तालुक्यात राहतो, बावीस पुण्यात. चहाच्या टेबलावर मी एक शंभर पानी वही ठेवली आहे. तिच्यात दोन भाग आहेत. ज्यांना बदली हवी त्यांनी मागच्या पानापासून लिहा; लाज वाटत असेल तर मला फोन करा, मी लिहितो. ज्यांना महिन्यातली एखादी रात्र देता येईल त्यांनी पुढून लिहा. गाव, फोन आणि वार. कुशीवर कसं वळवायचं, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, हे मी आणि आपल्या वर्गातली नर्स मैत्रीण मिळून उद्या सकाळी नऊ वाजता दहावी 'ब'च्या वर्गात शिकवणार आहोत. येताना एक उशी आणा. पहिल्या पानावर माझं नाव आहे, दुसरा आणि चौथा शनिवार.