मागच्या बाकावरच्या आजींना ऐकू आलं पाहिजे

आम्ही नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यातल्या मंडळीच्या बायका. दर रविवारी आमच्या चर्चमध्ये उपासना असते आणि त्या उपासनेचा माइक, मिक्सर, स्पीकर आम्ही चौघी सांभाळतो. तुमच्याकडे चर्च नसेल, पण भजनी मंडळ असेल, सप्ताह असेल, गटाचा मेळावा असेल. म्हणून आज हे सांगायला बसलो.

सुरुवात झाली ती एका आजींमुळे. वय ऐंशीच्या पुढे, जागा ठरलेली, शेवटच्या बाकाचा कोपरा. एकदा उपासना संपल्यावर आम्ही सहज विचारलं, "आजी, आजचा संदेश कसा वाटला?" त्या म्हणाल्या, "मला कुठं कळतंय गं? नुसतं घूं घूं ऐकू येतं. गाणी पाठ आहेत, म्हणून ओठ हलवते."

आम्हाला वाटलं, वयामुळे कान गेले असतील. पुढच्या रविवारी आमच्यातली एक त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिचे कान ठणठणीत, तरी तिलाही काही कळेना. म्हणजे दोष आजींच्या कानात नव्हताच. कितीतरी रविवार त्या माउली येत होत्या, बसत होत्या आणि न ऐकता घरी जात होत्या.

मशीन सांभाळणारा पोरगा तोवर नोकरीला पुण्याला गेला होता. आम्ही म्हटलं, आम्ही शिकतो. काही जण हसले. बटणांचं काम बायकांचं नाही म्हणाले. आम्ही शिलाई मशीन चालवतो, विहिरीवरची मोटर चालू करतो, पिठाची गिरणी चालवतो. मग ही चार बटणं काय अवघड?

पहिलं काम केलं ते मिक्सर उचलण्याचं. तो पुढे पाळकांच्या बाजूला होता. तिथे बसणाऱ्याला सगळं छानच ऐकू येणार! आम्ही वायर वाढवून मिक्सर मागे, आजींच्या बाकाजवळ आणला. बटण फिरवणारीने तेच ऐकलं पाहिजे जे शेवटचा माणूस ऐकतो.

दुसरं कळलं ते असं, की मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे. आमच्या चर्चच्या भिंती दगडी, वर पत्रे. आवाज भिंतीवर आपटतो, परत येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो. बटण वाढवलं की गोंधळही वाढतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाजाचा जोर चौथाईवर येतो. म्हणून पुढचा एक मोठा स्पीकर जोरात लावला, तर पुढच्यांचे कान फुटतात आणि मागे घूंच राहतं. आम्ही मधल्या खांबांवर दोन लहान स्पीकर लावले, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर, तोंड थोडं खाली केलेलं, आवाज बेताचा. बोलणाऱ्याच्या माइकचा बेस कमी केला. शब्द मोकळे झाले.

आता आमची चूकही सांगतो. शिकायला लागून तिसरा महिना होता. एका घरची अंत्यविधीची उपासना होती. आईबद्दल दोन शब्द बोलायला लेक उभी राहिली. आवाज बारीक, रडवेला. आम्ही घाबरून बटण एकदम वर नेलं आणि स्पीकरने कर्कश शिट्टी मारली. पोरीने माइक खाली ठेवला नि ती जागेवर जाऊन बसली. पुन्हा बोललीच नाही. आईबद्दल तिला काय सांगायचं होतं, ते कुणालाच कळलं नाही. ते आमच्या मनाला अजून लागतं.

ती शिट्टी का वाजते? स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मशीनमधून मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये जातो. रहाटगाडग्यासारखं चक्र सुरू होतं. ते तोडायचे उपाय साधे आहेत. स्पीकर माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवा. माइकच्या मागे कधीच नको. माइक तोंडापासून चार बोटांवर धरा. त्याची जाळी मुठीत झाकू नका. जो माइक वापरात नाही, तो बंद ठेवा. आणि बारीक आवाजाचं माणूस उभं राहिलं, तर आधी उठून माइक त्याच्या तोंडाजवळ न्या, बटणाला हात नंतर लावा. त्या दिवशी आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

गाण्याच्या वेळी एकच नियम: शब्द वर, वाद्यं खाली. लहान चर्चमध्ये ढोलकीला आणि टाळाला माइक लागतच नाही. पेटीला लागलाच तर वरच्या बाजूला धरा, भात्यासमोर नको, नाहीतर हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. ढोलकीवाले दादा आधी रुसले. त्यांना मागच्या बाकावर बसवून ऐकवलं, मग पटलं.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन नाही. अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मराठी मिशन 1831 साली आलं. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत भजन-कीर्तन रुजवलं. 1919 साली ते गेले, तोवर खेड्यात माइक कुठला? कीर्तनात बुवा ओळ म्हणतात, साथीदार तीच ओळ उचलतात, मग सगळे म्हणतात. पुढच्याची ओळ मागच्यापर्यंत पोचायची हीच आपली जुनी रीत. मशीन आलं आणि आपल्याला वाटलं, आता आपोआप पोचेल. मशीन नुसता आवाज मोठा करतं. तो पोचला का, हे माणसालाच बघावं लागतं.

दोन गोष्टी जिवाच्या. चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर; बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. नाहीतर धाडकन आवाज येऊन स्पीकर जातो. आणि माइकला हात किंवा ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर लगेच मेन स्विच बंद करा. अर्थिंगची तिसरी पिन कुणी काढली असेल, तर वायरमनकडून नीट करून घ्या, तोवर कार्यक्रम बिनमाइकचा चालू द्या.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. 2000 सालच्या नियमांप्रमाणे लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 तो बाहेर वाजवता येत नाही. ठरावीक सणांना सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देतं. नाताळच्या रात्री आम्ही बाहेरचा कर्णा लावतच नाही. शेजारच्या घरात परीक्षेचं पोर असतं, बाळंतीण असते.

आता आजी संदेश ऐकतात. मागे एकदा पाळकांना म्हणाल्या, "हे तर तुम्ही मागच्या महिन्यातच सांगितलं होतं." पाळक हसले आणि आमची छाती फुगली.

मैत्रिणींनो, जाता जाता एक. ग्रामसभेत मागे कोण बसतं? आपणच. पुढे काय ठरलं ते ऐकू येत नाही, मग वही फिरत येते आणि आपण सही करतो. पुढच्या सभेला एकीने मागून उठून सांगा, "आम्हाला ऐकू येत नाही, माइक नीट करा." नाही केला, तर आपण जाऊन करू. आता येतं आपल्याला.