मूत्रपिंडाच्या रुग्णांची शुश्रूषा



ज्युबिलीच्या आनंदात आम्ही रोगाचा विषय काढतो, ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास वैद्याइतकीच शेजाऱ्याचीही गरज असते. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात ती अधिकच असते.

मूत्रपिंडे थकली म्हणजे विष व पाणी शरीरातच साचते. ते काढण्यास डायलिसिस लागते. बहुधा आठवड्यातून 3 वेळा, दर खेपेस सुमारे 4 तास. पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट बंद झाली, तरी रोग थांबत नाही. म्हणून पावसाळ्यापूर्वीच रुग्णाची सोय रुग्णालयाजवळच्या एखाद्या घरी करावी.

डायलिसिससाठी हातातील रोहिणी व नीला जोडतात. हा जोड पक्का होण्यास कित्येक आठवडे लागतात. त्या हातास इंजेक्शन देऊ नये, तेथे रक्तदाब मोजू नये, त्यावर ओझे घेऊ नये.

मूत्रपिंड बदलण्याची शस्त्रक्रिया 1954 साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे ह्यांनी जुळ्या भावांवर यशस्वी केली. भारतात ती 1971 साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात साधली. आता ती नागपुरातही होते. दात्याने ती देणगी प्रेमाने द्यावी. 1994 च्या कायद्याने अवयवांचा विक्रय हा गुन्हा आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील पोटॅशियम ताब्यात आणतात, कारण ते वाढल्यास हृदय बंद पडू शकते. शस्त्रक्रिया चालू असता शिरेतून पाणी मोजून देतात व रक्तदाब उतरू देत नाहीत. त्यानंतर परिचारिका लघवीचे माप घेत रात्र जागवितात.

खरी कसोटी घरी परतल्यावर लागते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून औषधे नित्य, ठरल्या वेळी घ्यावी लागतात. प्रकृती सुधारली म्हणून ती सोडली, तर मिळालेले मूत्रपिंड गमावण्याची वेळ येते. त्याच औषधांनी रोगप्रतिकाराची शक्ती उणी होते. म्हणून हिवतापाच्या ह्या मुलखात मच्छरदाणी व उकळलेले पाणी हवेच. ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे. वेदनाशामक गोळी वा रानातील मुळी त्यांस विचारल्यावाचून घेऊ नये.

बंधुभगिनींनो, शस्त्रक्रिया काही तासांची, शुश्रूषा जन्माची. कोणी रुग्णाबरोबर नागपुरास जावे, कोणी त्याची मुले सांभाळावी, कोणी शेत राखावे. एवढे आपल्या हाती आहे, आणि ते आपण करू या.