मोटारसायकलवरचे संगीत: आवाज मोठा नको, स्वच्छ हवा

लांब पल्ल्याच्या अनेक मोटारसायकलींना पुढे मोठे फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे आवरण, असते आणि हौशी मंडळी त्यात नवे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर बसवतात. गाडी उभी असताना आवाज छान लागतो, पण वेग वाढला की गाणे फाटते. असे का होते?

वाऱ्याचा घोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीचा असतो. तो संगीतातला बेस झाकून टाकतो. मग आपण बेस वाढवतो आणि साडेसहा इंची स्पीकर दमून जातो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवरचा हाय-पास फिल्टर साधारण 80 ते 100 हर्ट्झवर ठेवा. त्याखालचे स्वर स्पीकरकडे फार कमी जातील आणि उरलेला आवाज मोकळा होईल.

आता गेन. हे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे, तर प्लेअरच्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायर जुळवण्याचे बटण आहे. आधी इक्वलायझर सपाट करा, स्पीकरच्या तारा सोडवा, प्लेअरचा आवाज पाऊण पट्टीवर ठेवा आणि 1000 हर्ट्झचा चाचणी-स्वर लावा. अ‍ॅम्प्लिफायर 4 ओहमला 100 वॅट देणारा असेल, तर त्याच्या स्पीकर-टोकांना मल्टिमीटर लावून गेन हळूहळू वाढवा आणि एसी 20 व्होल्ट दिसताच तिथेच थांबवा. त्यापुढे लहरींची टोके कापली जातात, आवाज चिरकतो आणि स्पीकर जळू शकतो.

तारा पुन्हा जोडताना अधिक-उणे तपासा. एक बाजू उलटी जोडली, तर बेस हरवतो.

शेवटी इक्वलायझरवर 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा किंचित उचला, शब्द स्पष्ट होतील. मात्र मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू आलाच पाहिजे.