कसोटी : खेळणाऱ्यांची व पाहणाऱ्यांची

(चकलांबा येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आमच्याकडे या संमेलनात क्रिकेटवर बोलण्याचे काम आले, तेव्हा काही ज्येष्ठांनी शंका प्रकट केली की, शिक्षण, विवाह, वसतिगृह असे जिव्हाळ्याचे प्रश्न पुढे असता चेंडूफळीची चर्चा कशास हवी? शंका रास्त आहे. तथापि, पुढील वर्षापासून मंडळातर्फे क्रिकेटचे सामने भरवावेत, अशी सूचना आपल्या तरुणांनी मांडली आहे. ते सामने केवळ ज्ञातीपुरते असावेत की सर्वांस खुले असावेत, यावर मतभेद आहे. त्या निर्णयास उपयोगी पडेल असे काही सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

पाच दिवसांच्या सामन्याला आपल्या भाषेत ‘कसोटी’ हे नाव पडले, ते मोठे अन्वर्थक आहे. कसोटीच्या दगडावर सोने घासले की त्याचा कस कळतो; पितळ चकाकते, पण दगडावर टिकत नाही. पाच दिवस उन्हात उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या अंगचा गुण असाच उघडा पडतो. आमचे म्हणणे एवढेच की, त्या दगडावर प्रेक्षकही घासला जातो.

प्रथम खेळाडूंचे पाहू. सन १९८०च्या फेब्रुवारीत मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत व इंग्लंड यांचा सामना झाला. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तो भरवला होता. इंग्लंडचे ५ गडी ५८ धावांत परतले होते. बोथम व यष्टिरक्षक बॉब टेलर खेळत असता कपिलदेव यांच्या चेंडूवर टेलर झेलबाद झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. चेंडू बॅटीस लागलाच नाही, असे टेलर यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांनी पंचांशी बोलून टेलर यांस परत बोलावले. पुढे त्या जोडीने १७१ धावांची भर घातली, बोथम यांनी शतक ठोकले आणि भारत १० गड्यांनी हरला. सामना गेला, पण विश्वनाथ यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. हरलेल्या सामन्याची अशी आठवण किती कर्णधारांच्या वाट्यास येते?

सज्जनपणा म्हणजे दुबळेपणा, असे मात्र कोणी समजू नये. सन १९४७च्या डिसेंबरात सिडनी येथे विनू मांकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउन यांस धावबाद केले. त्याच दौऱ्यातील आधीच्या एका सामन्यात त्यांनी ब्राउन यांस ताकीद दिली होती. वृत्तपत्रांनी गहजब केला; परंतु प्रतिपक्षाचे कर्णधार ब्रॅडमन यांनी मांकड यांचीच बाजू घेतली. नियमाने मिळणारे घ्यावे, अन्यायाने मिळालेले परत करावे. खिलाडूवृत्तीची ही दोन्ही अंगे आहेत.

आता मनोयुद्धाकडे वळू. फलंदाजाच्या कानाशी शेरे मारावयाचे, त्याला डिवचावयाचे, त्याचे चित्त चेंडूवरून उडवावयाचे, ही विद्या जुनी आहे. तिला उत्तर कसे द्यावे, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यातील एका सुपुत्राने दाखवून दिले. अजिंक्य रहाणे यांचे मूळ गाव संगमनेर तालुक्यातील चंदनापुरी. सन २०२०च्या डिसेंबरात ॲडलेड येथे भारताचा डाव अवघ्या ३६ धावांत कोसळला. कर्णधार कोहली मायदेशी परतले आणि नेतृत्व रहाणे यांच्याकडे आले. मेलबर्नला त्यांनी शतक काढून सामना जिंकून दिला. पुढे सिडनीस प्रेक्षकांतील काहींनी महंमद सिराज यांस अर्वाच्य शब्द वापरले. रहाणे यांनी आरडाओरडा केला नाही, की घडले ते गिळूनही टाकले नाही. त्यांनी पंचांकडे रीतसर तक्रार केली; खेळ थांबला, सहा प्रेक्षकांस बाहेर काढण्यात आले आणि भारतीय संघ मैदान न सोडता पुढे खेळला. शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाचे कर्णधार टिम पेन यष्टींमागून अश्विन यांस डिवचत राहिले. पण अश्विन व जखमी विहारी यांनी नाबाद ६२ धावांची भागी करून सामना अनिर्णित राखला. डिवचणाऱ्या पेन यांच्याच हातून त्या डावात झेल सुटले, व दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वर्तनाबद्दल क्षमा मागितली. जीभ सुटली की हात सुटतो, हा धडा त्यात आहे.

१९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेन येथे भारताने ३२८ धावांचे लक्ष्य गाठले. सन १९८८पासून त्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा कसोटीत पराभव झाला नव्हता. विजयानंतर रहाणे यांनी पहिली आठवण केली ती १०० वा कसोटी सामना खेळणाऱ्या नेथन लायन यांची. सर्वांच्या सह्या असलेला सदरा त्यांस भेट दिला. मुंबईस घरी आल्यावर शेजाऱ्यांनी केक आणला, त्यावर कांगारूची आकृती होती. तो कापण्यास रहाणे यांनी नकार दिला, कारण ते त्या देशाचे मानचिन्ह आहे. बंधूंनो, ब्रिस्बेनचा विजय मोठा खराच. पण न कापलेला तो केक आम्हांस अधिक मोठा वाटतो. तेथे ना पंच होते, ना नियमांचे पुस्तक.

आपला बीड जिल्हाही या बाबतीत रिता नाही. बीड येथे जन्मलेले संजय बांगर सन २००२मध्ये इंग्लंडातील हेडिंग्ले मैदानावर सलामीस उतरले. ढगाळ हवा, वळणारा चेंडू, पुढे नामांकित गोलंदाज. अशा स्थितीत त्यांनी धीराने ६८ धावा केल्या व द्रविड यांच्यासह डावाचा पाया घातला. भारताने तो सामना एका डावाने जिंकला. पावसाची वाट पाहत पेरणी करणाऱ्या मुलखाला हा धीर परका नाही.

आता प्रेक्षकांकडे येऊ, कारण मैदानावर उतरणारे बावीस, पाहणारे मात्र आपण सारे. सन १९६९च्या नोव्हेंबरात मुंबईच्या ब्रेबर्न मैदानावर वेंकटराघवन यांस बाद दिल्यावरून लोक खवळले. ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसलेल्यांनी समालोचकाचा प्रतिकूल अभिप्राय ऐकला होता. बाटल्या फेकल्या गेल्या, खुर्च्या पेटल्या. वेंकटराघवन काही परत आले नाहीत आणि भारत सामनाही हरला. पंचांची चूक मानली, तरी तिचे परिमार्जन आगीने झाले काय?

याउलट सन १९९९च्या जानेवारीतील चेन्नई पाहा. पाठीच्या वेदना सोसत सचिन तेंडुलकर यांनी १३६ धावा केल्या, तरी भारत पाकिस्तानकडून अवघ्या १२ धावांनी हरला. क्षणभर मैदान स्तब्ध झाले. मग सहस्रावधी लोक उभे राहिले व त्यांनी विजयी पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. पाकिस्तानी संघाने मैदानास फेरी घालून त्यांचा स्वीकार केला. तीन आठवडेही लोटले नाहीत तोच, कोलकात्यास तेंडुलकर धावबाद होताच दंगा झाला आणि सामना जवळजवळ रिकाम्या मैदानात संपवावा लागला. देश तोच, प्रतिपक्ष तोच, पराभवही तसाच. भेद होता तो पाहणाऱ्यांत.

हे सारे चकलांब्यात कशास सांगावे? कारण मुंबईचे जुने सामने धर्म व जमात यांच्या संघांत होत असत. त्यातील हिंदू संघाचे श्रेष्ठ गोलंदाज पळवणकर बाळू. सन १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. परंतु चर्मकार कुळात जन्म झाल्यामुळे पुण्यात त्यांना चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात मिळे. त्यांच्या चेंडूवर झेल घेण्यात विटाळ नव्हता, शेजारी बसून चहा पिण्यात होता! अखेर सन १९२३मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या संघाने युरोपियनांस नमविले. पुढे १९४०मध्ये गांधीजींनी अशा जमातवार सामन्यांस विरोध दर्शविला व १९४६ साली ते बंद पडले.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. मंडळाने सामने अवश्य भरवावेत, करंडकास ज्ञातीतील एखाद्या परोपकारी पूर्वजाचे नाव द्यावे. परंतु संघ गावाचे असावेत, आणि गावातील सर्व समाजांच्या मुलांना त्यांत जागा असावी. आपल्या माणसाच्या चौकारास टाळी कोणीही वाजवतो. शेजारच्या आळीतील मुलाने आपला त्रिफळा उडवला असता जी टाळी पडते, तीच खरी. आणि सामना पाहून घरी आल्यावर मोबाईलवर पंचांस व हरलेल्यांस शिव्या लिहिण्याची जी वाईट खोड जडली आहे, तिला आपल्या घराघरांतून आळा घालावा. मुले आपले बोलणे ऐकतात, त्याहून अधिक आपले ओरडणे ऐकतात.

सुवासिक उदबत्तीप्रमाणे खेळही आपल्यामागे काही दरवळ ठेवतो. धावसंख्या विस्मरणात जाते. कोण कसा हरला व कोण कसा जिंकला, हे मागे उरते. आपल्या मंडळाच्या सामन्यांमागे तसा सुगंध उरावा, ही श्रीचरणी प्रार्थना.