कापूस, अग्नी आणि अणू

अग्नीचा स्पर्श होताच कापूस जळतो. परंतु त्याला जाळतो कोण? इमाम गझाली (१०५८-११११) यांनी ‘तहाफुत अल्-फलासिफा’ या ग्रंथात हा प्रश्न उपस्थित केला. स्पर्शापाठोपाठ दहन झालेले दिसते. स्पर्शामुळेच ते झाले, हे मात्र कोणाच्याही दृष्टीस पडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. खरा कर्ता ईश्वरच; निसर्गातील नियमितता हा केवळ त्याचा परिपाठ होय. गझालींच्या आधीच्या अशअरी धर्मचिंतकांनी तर विश्व अविभाज्य कणांचे बनलेले असून त्यांचे गुणधर्म ईश्वर क्षणोक्षणी नव्याने निर्माण करतो, असे मानले होते. कारणे नाकारणे म्हणजे बुद्धीच नाकारणे होय, असे उत्तर पुढे कॉर्डोव्हाच्या इब्न रुश्द (११२६-११९८) यांनी दिले.

विसाव्या शतकातील पुंजसिद्धांताने या जुन्या वादाला नवे औत्सुक्य प्राप्त करून दिले. रेडियम-२२६ चा निम्मा साठा सुमारे १६०० वर्षांत क्षय पावतो, हे खात्रीने सांगता येते. त्यातील अमुक एक अणुकेंद्र केव्हा फुटेल, हे मात्र सांगता येत नाही. तेव्हा भौतिकीने गझालींचे म्हणणे सिद्ध केले, असे कित्येकांना वाटल्यास नवल नाही.

हे साम्य विचारप्रवर्तक आहे. पण तो पुरावा नव्हे. अणुकेंद्राच्या क्षयाची संभाव्यता काटेकोर गणिती नियमाने बांधलेली असते; त्यामागे कोणाची इच्छा आहे काय, याविषयी समीकरण मौन पाळते. शिवाय डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये याच सिद्धांताचा नियतिवादी अर्थही लावून दाखविला. श्रद्धेचा पाया एखाद्या अर्थावर रचला, तर तो अर्थ बदलताच श्रद्धाही डळमळू लागेल.

या संदर्भात अब्दुस सलाम यांचे उदाहरण उद्‌बोधक ठरते. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्यांना शेल्डन ग्लाशो व स्टीव्हन वाइनबर्ग यांच्यासमवेत मिळाले. स्टॉकहोम येथील मेजवानीप्रसंगीच्या भाषणात त्यांनी कुराणातील वचने उद्धृत केली. त्यांच्या अहमदिया समाजाला पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून मुस्लिमेतर ठरविले होते. तरीही त्यांची निष्ठा ढळली नव्हती. वाइनबर्ग मात्र निरीश्वरवादी होते. विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बलांना एका सूत्रात गोवणाऱ्या सिद्धांतापाशी दोघेही स्वतंत्रपणे पोहोचले, आणि आपल्या श्रद्धेमुळे वा वाइनबर्ग यांच्या अश्रद्धेमुळे त्या कार्यात काही फरक पडला नाही, असे सलाम यांनीच नमूद केले आहे.

सृष्टीविषयीचे कुतूहल श्रद्धेतून जागे होऊ शकते. सिद्धांताची परीक्षा मात्र प्रयोगशाळेतच व्हावी लागते. ही मर्यादा ओळखण्यात धर्माचा अवमान नाही आणि विज्ञानाची हानीही नाही.